चालु आणि चालू

तिनं पोरांच्या तक्रारींवर चाळीस उत्तरं लिहून दिली होती, ती चाळीसच्या चाळीस परत आली, आणि त्यातली एकही ओळ लाल झाल्याशिवाय राहिली नव्हती. साहेबांनी कागद टेबलावर ठेवला तो पालथा. साहेब तसे भले. वाईट बातमी नेहमी पालथी ठेवत. "भाषेच्या मॅडमकडून तपासून आणलंय, ताई. मजकूर एक नंबर आहे म्हणाल्या. इतकं सोपं आम्हालाही जमत नाही म्हणाल्या. फक्त जरा ऱ्हस्व-दीर्घ..." आणि 'जरा' या शब्दावर ते इतके रेंगाळले की तिला कागद उलटायच्या आधीच सगळं कळलं. ते गेल्यावर तिनं कागद सुलटा केला. तिनं लिहिलं होतं, 'मशिन बंद करून पुन्हा चालु करा.' मॅडमनी 'मशिन'चं 'मशीन' केलं होतं आणि 'चालु'च्या उकाराचं शेपूट लाल पेनानं खाली ओढून लांब केलं होतं. दुसऱ्या उत्तरात तेच. तिसऱ्यातही तेच. विज, निट, चुक, सुचना, परिक्षा. जिथं जिथं तिनं आखूड घातलं होतं तिथं तिथं लांब हवं होतं. वीस वर्षं ती विद्यापीठाच्या मदत कक्षाच्या या खिडकीत बसून पोरापोरींना चिठ्ठ्यांवर हेच लिहून देत आली होती, 'पुन्हा चालु करा', आणि एकानंही कधी सांगितलं नव्हतं. का सांगतील? मशीन चालू व्हायचं. चिठ्ठी खिशात जायची. तरी वीस वर्षांच्या त्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम आठवून तिचे कान तापले, साडीला मागे डाग पडलाय हे दिवसभर हिंडून झाल्यावर कळावं तसे.

तिच्या अक्षरांची गोष्टच वेगळी होती. लोकांची अक्षरं क पासून सुरू होतात, हिची प पासून. चौतिसाव्या वर्षी ती या विद्यापीठात झाडूपोछ्याला लागली तेव्हा तिला स्वतःचं नावही ओळखता येत नव्हतं. मशीनच्या खोलीत साठ कीबोर्ड होते आणि रोज सकाळी ते ओल्या फडक्यानं पुसायचे हे तिचं काम. बोट त्याच त्याच बटणांवरून रोज फिरलं की माणूस त्यांना ओळखायला लागतो, चाळीतली दारं ओळखावीत तसा. तिथं रात्रीचं काम संपवून सकाळी घरी निघालेली एक ऑपरेटरबाई असायची, फार चहा पिणारी. एकदा तिनं सहज विचारलं, "वाचता येतं का गं?" ही खाली बघून फडकं फिरवत राहिली. तेव्हा त्या बाईनं हिचं बोट धरून मधल्या ओळीत ठेवलं आणि म्हणाली, "हा प. हा र. मग क, त, च, ट. उद्या पुढचं." अशी हिची बाराखडी झाली, परकतचट. पहिला शब्द लिहिला तो 'पत्र', कारण तो चार दाबांत व्हायचा आणि बोट त्या ओळीतून उठवावं लागायचं नाही. ऱ्हस्व उकार आणि ऱ्हस्व वेलांटी दोन्ही डाव्या हाताच्या एकाच बोटाखाली होत्या, घरात बसल्यासारख्या. दीर्घ दोघी वरच्या ओळीत. त्यांच्यासाठी बोट वर न्यावं लागे. आणि ण तर शिफ्ट दाबल्याशिवाय दारच उघडत नसे. ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एका घरात दोन नळ असतात, पाणी तेच, जवळचा असेल तो आपण सोडतो, इतकंच तिला वाटत होतं. ऑपरेटरबाईची वर्षभरात बदली झाली आणि ही शाळा तिथेच थांबली, पण तेवढ्या अक्षरांवर तिला झाडू सोडून मदत कक्षाची खिडकी मिळाली.

आता त्या साठ कीबोर्डांच्या खोलीत नुसती खुर्च्यांची अडगळ होती. मदत कक्षात एके काळी नऊ माणसं होती. आता साहेब, ती आणि शिडीमामा, एवढी तीन. शिडीमामा म्हणजे विद्यापीठभर नेटच्या तारा सांभाळणारा माणूस. खांद्यावर शिडी नसलेला त्याला कुणी पाहिला नव्हता, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, आणि हळूहळू पगाराच्या खिडकीवरही तेच चालायला लागलं होतं. बारा हजार पोरं, अकरा इमारती, सहा वसतिगृहं आणि ही तीन माणसं. साहेबांनी वर्षभर डोकं खाजवून एक उपाय काढला होता. पोरानं फोनवर तक्रार लिहायची. मशीननं त्यातले शब्द बघायचे, ते ज्या उत्तराशी जुळतील ते तयार उत्तर त्या क्षणी त्याच्या फोनवर पाठवायचं. रांग नाही, खिडकी नाही. खिडकीची जागा सोडली की तिच्या बदल्यात शिडीमामाच्या हाताखाली एक माणूस मिळणार होता, वरच्यांनी तसं कबूल केलं होतं. आणि तिला परीक्षा विभागाच्या तळघरात जायचं होतं, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामावर, उरलेली तीन वर्षं. हे सांगताना साहेब भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "पण ही उत्तरं तुमच्याशिवाय कोण लिहिणार, ताई? पोरं काय विचारतात ते तुम्हालाच माहीत." आपलीच खुर्ची काढून घेण्याचं काम आपल्यालाच दिलंय हे तिला तेव्हाच कळलं होतं, तरी तिनं ते अडीच महिने मन लावून केलं. चाळीस उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराशेजारी पोरं कुठले शब्द वापरतात त्यांची यादी. राग यायला हवा होता. आला नाही, कारण एवढं लांब तिनं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. रोज घरी जाताना उद्याचं वाक्य डोक्यात जुळवत जायची. जुन्या तक्रारींवर साहेबांनी तिचे शब्द टाकून पाहिले तेव्हा दहातल्या आठ तक्रारींना बरोबर उत्तर गेलं. साहेबांनी टेबलावर थाप मारली होती. त्यानंतर, बारा हजार पोरं वाचणार म्हणून, कागद भाषेच्या मॅडमकडे गेला.

मॅडमनी उत्तरं दुरुस्त केली, तशी शेजारची शब्दांची यादीही दुरुस्त केली. साहेबांनी ती जशीच्या तशी मशीनमध्ये भरली आणि सोमवारी आठ दिवसांचा प्रयोग सुरू झाला. तो पहिल्याच दिवशी आडवा झाला. दहातल्या सात पोरांना मशीन म्हणत होतं, 'आपल्या शब्दांशी जुळणारे उत्तर सापडले नाही. कृपया तक्रार नीट लिहा.' खिडकीसमोरची रांग कमी व्हायच्या ऐवजी जिन्यापर्यंत गेली. पोरं आता दुप्पट चिडलेली असायची, एक तर नेट नाही म्हणून आणि वर मशीननं हाकललं म्हणून. साहेब आतल्या खोलीत बसून स्वतः तक्रारी लिहून बघत. 'नेट चालू होत नाही.' झटकन बरोबर उत्तर. 'परीक्षेचा अर्ज उघडत नाही.' झटकन उत्तर. दारात येऊन ते हताश चेहऱ्यानं म्हणत, "माझ्याकडे तर चालतंय!" शिडीमामाला हे फार आवडलं. चहाच्या वेळी शिडी भिंतीला टेकवून तो म्हणाला, "ताई, तुमची खिडकी मशीनच्या बापालाही उठवता येणार नाही. साहेबांनी मशीनला नोकरी दिली, मशीन म्हणतं मला नाही जमत. शेवटी आपली ताईच." आणि हसताना त्यानं उजवा खांदा डाव्या हातानं धरला. शिडीनं तो खांदा दोन वर्षांपासून सुजलेला होता. "तुम्हाला माणूस मिळणार होता ना?" ती म्हणाली. "मिळेल तेव्हा मिळेल. खांद्याचं काय, तो माझ्यासारखाच आहे, कुरकुर करतो पण हजर राहतो." तिनं त्याच्या कपात आपला अर्धा चहा ओतला. तिला हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची थोडी लाजही वाटत होती.

चौथ्या दिवशी दुपारी रांगेच्या शेवटी एक मुलगी उभी होती. मागून आलेल्या दोघांना तिनं आपणहून पुढे जाऊ दिलं, तेव्हाच खिडकीतून तिच्याकडे लक्ष गेलं. काहींना आपली तक्रार चारचौघांत सांगायची नसते. रांग संपल्यावर ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, नीट कसं लिहायचं असतं?"

"काय लिहायचं?"

"मशीन म्हणतंय नीट लिहा. मी सात वेळा लिहिलं. परीक्षेच्या फॉर्मचा पासवर्ड चालत नाहीये माझा, आणि उद्या शेवटची तारीख आहे. मग मैत्रिणीला म्हटलं तू लिही. तिनं लिहिलं तर लगेच आलं उत्तर. पण त्यातली पासवर्ड बदलायची लिंक तिच्या नावाची, माझा पासवर्ड कसा निघणार? आणि मावशी, तिनं तेच लिहिलं होतं. अगदी सेम. मी बघितलं ना." मुलीनं आपला फोन पुढे सरकवला आणि मैत्रिणीनं पाठवलेला फोटोही दाखवला. फोन कट्ट्यावर ठेवून खिडकीतली ताई दोन्ही ओळी आलटून पालटून वाकून बघायला लागली. वाचायला तिला अजूनही वेळ लागे, अक्षर अक्षर बोटाखालून गेल्यासारखं वाचावं लागे. 'परिक्षा फॉर्मचा पासवर्ड चालु होत नाहि.' 'परीक्षा फॉर्मचा पासवर्ड चालू होत नाही.' पहिल्यांदा तिलाही दोन्ही सारख्याच दिसल्या. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिला मॅडमच्या लाल पेनानं ओढलेली शेपटं आठवली, आणि मग एका ओळीत ती होती आणि दुसऱ्या ओळीत नव्हती हे दिसलं. काही क्षण तिला जिन्यातली पावलं, पंखा, आत साहेबांची खुर्ची कुरकुरत होती ती, काहीच ऐकू आलं नाही. पोरं तिच्यासारखंच लिहीत होती. घाईनं म्हणा, फोनवर कसंतरी उमटवतात म्हणून म्हणा, पण आखूडच. तिची यादी चुकीची होती म्हणूनच चालत होती. मॅडमनी ती बरोबर केली आणि पोरांचे शब्द दाराबाहेर राहिले. साहेब बरोबर लिहीत होते, म्हणून त्यांच्याकडे चालत होतं.

मुलीचा पासवर्ड तिनं एका मिनिटात बदलून दिला. चिठ्ठीवर लिहून देताना मात्र हात अडला आणि तिनं तो तोंडीच सांगितला. मुलीनं फोन छातीशी धरला. जाता जाता म्हणाली, "मी शिकेन मावशी नीट लिहायला. आमच्याकडे कुणी..." आणि वाक्य अर्धं टाकून जिन्याकडे पळाली.

कुणाला काही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं नाही. नुसतं सांगितलं नाही. दोन्हींत फरक आहे असं त्या संध्याकाळी घरी जाताना ती स्वतःला समजावत होती. आपण काही बिघडवलेलं नाही. आपण लिहिलं होतं ते चालत होतं. शिकलेल्या माणसानं ते दुरुस्त केलं. साहेब शिकलेले, मॅडम शिकलेल्या, त्यांना दिसत नाही ते आपल्याला दिसलं हे काय आपल्या कामात लिहिलंय? सोमवारी प्रयोग संपेल, साहेब कुलसचिवांना कळवतील की जमत नाही, खिडकी राहील. तीन वर्षं. तळघर तिनं एकदाच पाहिलं होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत गठ्ठे, मध्ये एक बल्ब, आणि टेबलाशी बसलेला माणूस तिला पाहून दचकला होता, इतकं त्याला माणूस बघायची सवय राहिली नव्हती. खिडकीत निदान दिवसाला शंभर जण 'ताई' म्हणायचे, 'मावशी' म्हणायचे. शिव्याही द्यायचे, पण तोंडावर द्यायचे. घरी पोचल्यावर नवरा दार उघडून बाजूला झाला. तो इस्पितळात तीस वर्षं लिफ्ट चालवून निवृत्त झाला होता आणि घरी आलेल्या माणसाला रोज एकच प्रश्न विचारायचा. "काय बाईसाहेब, वर का खाली?"

"मधेच," ती म्हणाली.

"मधे अडकलं तर बटणं दाबत बसू नये. गप उभं राहावं, कुणीतरी येतं."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर आतल्याला कळतं की किल्ली आपल्याच खिशात होती. माझ्या बाबतीत दोनदा झालंय." त्यानं भात वाढला. तो जेवताना फार बघत नसे, हे बरं होतं. हात धुताना तिला आरशात स्वतःचं तोंड दिसलं आणि त्या मुलीचं तोंड आठवलं. मागच्या दोघांना पुढे जाऊ देणारं. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. बँकेत, रेशनच्या कचेरीत, मुलीच्या शाळेत, जिथं जिथं कागद पुढे यायचा तिथं ती स्वतः अशीच मागच्याला पुढे जाऊ द्यायची, चष्मा विसरला म्हणायची, तेव्हा तिला चष्मा नव्हताच. चौतीस वर्षं. आणि आता मशीन दिवसाला हजार पोरांना सांगत होतं, नीट लिहा. ती सगळी काही चिडून खिडकीशी येत नव्हती. काही मागेच थांबत असणार, जिन्यात, कॅन्टीनच्या कोपऱ्यात, आपल्यालाच काही येत नाही असं समजून. ती येत नव्हती म्हणून तिला दिसत नव्हती. झोप लागली ती पहाटे.

शुक्रवारी ती आत गेली तेव्हा साहेब कुलसचिवांचं पत्र लिहीत होते. सोमवारची वाट बघायचीही त्यांना ताकद राहिली नव्हती. "बसा ताई. तुमचंच काम चाललंय. खिडकी चालू ठेवावी अशी शिफारस करतोय. वर्षाची मेहनत पाण्यात गेली, पण निदान तुमचं तरी..." ते हसायला गेले आणि डोळे चोळत बसले. त्यांच्या टेबलाखाली जोडे काढून ठेवलेले होते, मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. या माणसालाही कुणी घरी विचारत असेल, वर का खाली.

"साहेब, तुमच्याकडे चालतं कारण तुम्ही बरोबर लिहिता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पोरं माझ्यासारखी लिहितात."

त्यांना कळलं नाही. मग तिनं सांगितलं. सांगताना पहिल्यांदा हेही सांगावं लागलं की आखूड कुठं आणि लांब कुठं हे तिला आजही कळत नाही, की ती अक्षरं मोठेपणी शिकली, तीही कीबोर्ड पुसता पुसता, की बाराखडी तिनं कधी म्हटलेलीच नाही. वीस वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना बसूनही साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी मशीनमध्ये 'नेट चालु होत नाहि' असं लिहायला घेतलं, दाबलं, आणि पडद्यावर आलं, जुळणारे उत्तर सापडले नाही.

"म्हणजे मॅडमनी नीट केलं म्हणून बिघडलं!" ते म्हणाले आणि इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा काढला. "ताई, हे चाललं की काय होणार, ते लक्षात आहे ना तुमच्या?"

"आहे."

"सोमवारनंतर सांगितलं असतंत तरी कुणी विचारलं नसतं."

"म्हणून तर आज आले."

साहेबांनी पत्राचा कागद बाजूला सारला. उत्तरं मॅडमनी दुरुस्त केलेलीच ठेवायची, यादीत मात्र चुकीचे शब्दही घालायचे असं ठरलं. पोरं कशीही लिहोत, परत जाईल ते नीट जाईल. ते भराभर लिहायला बसले. पण हात अडायला लागला. 'परिक्षा' लिहायला जायचे आणि बोट आपोआप वर जाऊन 'परीक्षा' करायचं. पुसायचे, पुन्हा लिहायचे, पुन्हा बरोबर व्हायचं. 'सुचना'ला तर तीनदा झालं. "छे! हाताला चूक येतच नाहीये," ते वैतागून म्हणाले. "आणखी कसं कसं चुकतात पोरं? जोडणी?"

"जोडनी. जोडणि. जोडनि."

"हे मला सुचायचं नाही, ताई. तुम्ही बसा." आणि ते उठून उभे राहिले. साहेबांच्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली. खुर्ची खाली करून घ्यावी लागली. बोटं मधल्या ओळीत ठेवली आणि सुरुवात केली. चालु, निट, विज, चुक, नाहि, विसरलि, दुरूस्ती, विद्यापिठ. लांबचं आखूड, आखूडचं लांब, ण चा न. कुणी हसेल, कुणी लाल करील अशी धास्ती प्रत्येक शब्दाला आजवर असायची, ती आज नव्हती. चूक करायलाच तर बसवलं होतं. दोन तास ती न थांबता लिहीत होती आणि साहेब शेजारी स्टुलावर बसून शाळेतल्या पोरासारखे बघत होते. मधे शिडीमामा डोकावला, साहेब खाली आणि ताई वर हे पाहून म्हणाला, "बढती कधी झाली?" पडद्यावर काय चाललंय ते त्याला कळलं तेव्हा मात्र तो शिडी न घेताच निघाला, आणि ती घ्यायला त्याला परत यावं लागलं.

चारच्या सुमाराला साहेब म्हणाले, पाच दिवसांत अडकून पडलेल्या सगळ्या तक्रारी एकदम पुन्हा सोडू, बघू. त्यांनी बटण तिलाच दाबायला लावलं. मग ती उठून आपल्या खिडकीत जाऊन बसली, कारण बाहेर रांग तशीच ताटकळत होती, जिन्यापर्यंत. पहिल्या पोराकडे तिनं मान वर करून पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "हं, बोल." तो बोलायला गेला तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला. त्यानं खाली पाहिलं. त्याच्या मागच्या मुलीचाही वाजला. मग त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा, रांगभर, जिन्यातून खालीसुद्धा. सगळ्या माना वाकल्या. काही जण मोठ्यानं वाचत होते, 'वायर दोन्ही टोकांना दाबून बघा,' काहींचे नुसते ओठ हलत होते. ते कुणी लिहिलंय हे खाली कुठंच नव्हतं. पहिला पोरगा म्हणाला, "झालं, मिळालं," आणि बाजूला झाला. एकेक जण फोन खिशात टाकून वळायला लागला. रांग मधूनच विरळ झाली, मग तिचं टोक दिसायला लागलं. शेवटचा एक उंच पोरगा तिथंच उभा राहून दोनदा वाचत होता, भुवया आक्रसून, अक्षर अक्षर. तिला वाटलं, अडलंय याचं, येईल हा. ती खुर्चीत पुढे सरकली. त्याचं वाचून झालं, चेहरा मोकळा झाला, आणि खिडकीकडे न बघता तो दोन दोन पायऱ्या टाकत उतरून गेला.